थापी बायकांच्याही हातात द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा झाला की आमच्या भागात बांधकामं पुन्हा धरतात. खानापूर-जांबोटीकडचा पाऊस उघडीप देतो, भट्टीवरच्या विटांच्या गाड्या रस्त्याला लागतात आणि सकाळी नाक्यावर बिगाऱ्यांची गर्दी होते. त्या गर्दीत बायका पुष्कळ असतात. त्यांतलीच मी एक. लग्न होऊन खानापूर तालुक्यात आले तेव्हापासून अनगोळ, वडगाव, हिंडलगा, कंग्राळी, जिथं काम निघेल तिथं माल कालवलाय, विटा दिल्यात, घमेली वरच्या मजल्यावर चढवलीत. २०२३ मध्ये शक्ती योजना आल्यापासून बसचं तिकीट वाचतं, त्यामुळं आमच्या गावातून बेळगावला कामाला जाणाऱ्या बायका आणखी वाढल्या आहेत.

इतक्या साइटी पाहिल्या, पण एकाही ठिकाणी बाई गवंड्याची थापी घेऊन भिंतीसमोर उभी आहे असं मला दिसलं नाही. यंदा मी ती माझ्या स्वतःच्या घरात हातात घेतली. मधल्या खोलीच्या भिंतीला आतून मी गिलावा केला. ओळंबा लावून बघितला, भिंत सरळ आहे. बोटाच्या पेरानं जागोजागी ठोकून बघितलं, कुठंही पोकळ वाजत नाही. बिगारी बाईला गवंडीकाम शिकता येतं आणि ते तिला शिकवलं पाहिजे, एवढं सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

२०१९ च्या ऑगस्टात जो पाऊस झाला त्यात बेळगाव जिल्ह्यात किती घरं पडली हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आमची मागची मातीची भिंत त्याच पावसात बसली. तिथं भाजक्या विटांची भिंत घातली, पण गिलाव्यापर्यंत पैसा पुरला नाही. उघड्या विटांच्या भिंतीत राहणं काय असतं ते राहणाऱ्यालाच कळतं. दर्ज्यातनं, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतनं, भुगा पडत राहतो, अंथरुणात वाळू येते, फटीत झुरळं आणि एकदा विंचूसुद्धा निघाला. पुढं हाती पैसे आले तेव्हा गवंडी मिळेना. एका भिंतीसाठी कोणी येत नाही. त्यांचंही खरं आहे, हत्यारं घेऊन यायचं, अर्ध्या दिवसाचं काम करायचं आणि हजेरी पूर्ण मागायची, हे त्यांनाच बरं वाटत नाही. माझे यजमान गोव्याला कामाला असतात, ते गणपतीला आणि शिमग्याला येतात. मग मी ठरवलं की आपणच करायचं. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये साठवले होते, त्यातून सिमेंट आणि वाळू आणली.

शिकवायला आमच्या गल्लीतले एक म्हातारे मेस्त्री होते. हुक्केरीकडचे, बोलणं निम्मं कन्नड निम्मं मराठी. गुडघे गेल्यामुळं आता ते परांचीवर चढत नाहीत. मी त्यांना मामा म्हणते. दारात खुर्ची टाकून बसले आणि तिथून सांगत राहिले. थापीला मात्र त्यांनी एकदाही हात लावला नाही. "मी करून दाखवलं तर तू बघत बसशील," म्हणाले.

आता कामाचं सांगते, कारण गिलाव्यातलं किती काम बायका आधीपासूनच करतात हे यातून कळेल.

पहिली गोष्ट वाळू. नदीची वाळू आता आमच्यासारख्याला परवडत नाही. क्रशरची वाळू येते, तीत गिलाव्याची बारीक वाळू वेगळी मिळते, तिला पी-सँड म्हणतात. ती घेताना मूठभर वाळू काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळून ठेवायची. वाळू खाली बसते आणि भुकटी वर थर धरते. तो थर जाड दिसला तर ती वाळू गिलाव्याला घेऊ नये, भिंतीवर केसासारख्या भेगा येतात. हे मला मामांनी सांगावं लागलं नाही. रोज चाळण मारणाऱ्या बाईला वाळू हातात घेतली की कळतं. ओली वाळू मापाला फुगते हेही आम्हाला माहीत असतं. घमेलं भरलेलं दिसतं, पण आत वाळू पाव हिस्सा कमी असू शकते. पावसात भिजलेल्या ढिगातली वाळू घेतली की मालात सिमेंट जास्त पडतं, मग गवंडी ओरडतो, आणि बाई एक घमेलं वाळू गुपचूप वाढवते. प्रमाण असं हातानं सांभाळलं जातं, त्याची कुठं नोंद होत नाही.

सिमेंट-वाळूचं प्रमाण आतल्या विटांच्या भिंतीला एकास सहा, छताला एकास चार. पोतं ५० किलोचं, मापाला ३५ लिटर भरतं, त्यावरून वाळूचं माप धरायचं. घरमालकांना वाटतं सिमेंट जास्त घातलं की भिंत पक्की. तसं नाही. सिमेंट जास्त झालं की गिलावा सुकताना जास्त आकसतो आणि तडकतो. कोरडा माल तीनदा उलटायचा, रंग सगळीकडे एकसारखा दिसेपर्यंत, मगच पाणी. आणि एका वेळी तेवढाच माल ओला करायचा जेवढा भिंतीवर लगेच जाईल. सिमेंटला पाणी लागलं की अर्ध्या-पाऊण तासात ते आवळायला लागतं. माल मेला की त्यात परत पाणी घालून कालवू नये. साइटीवर हे सर्रास चालतं. दुपारच्या जेवणाआधी कालवलेला माल जेवणानंतर पाणी मारून परत दिला जातो आणि सहा महिन्यांनी भिंत सुटली की दोष सिमेंटच्या कंपनीला लागतो. एकटीनं काम करताना मी टोपलंभर माल कालवत होते, संपला की दुसरा. त्यामुळं काम रेंगाळलं, पण माल एकदाही मेला नाही.

भिंतीची तयारी आदल्या दिवशी केली. दर्जा अर्धा इंच खोल खरवडून घेतला, म्हणजे मालाला पकड मिळते. विटांवरची धूळ तारेच्या ब्रशनं काढली. कॉंक्रीटचा लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, आहे तिथं छिन्नीनं टोचे मारले, आणि लिंटेल व विटा जिथं भेटतात तिथं कोंबडीजाळी खिळ्यांनी ठोकली. दोन वेगळ्या वस्तू उन्हात वेगवेगळ्या फुगतात, म्हणून त्या सांध्यावर नेमकी आडवी भेग येते. आपल्याकडची नवी घरं बघा, खिडकीच्या वर ती भेग बहुतेक ठिकाणी दिसेल. जाळीला फार पैसे लागत नाहीत.

मग पाणी. संध्याकाळी भिंत भिजवली, सकाळी काम धरायच्या आधी परत. "बाय, भिंतीला पैलं पाणी दे, मग माल दे," मामा म्हणाले, "तहानलेल्या भिंतीला माल दिलास तर ती मालातलंच पाणी पिऊन टाकती." कोरड्या विटेनं मालातलं पाणी ओढून घेतलं की सिमेंटला पकडायला पाणीच उरत नाही, आणि तो गिलावा आतून पोकळ वाजतो. पण पाणी ओघळत असतानाही माल मारायचा नाही. भिंत ओलसर हवी, चकचकीत नको. "नीर हाक, नीर हाक", म्हणजे पाणी घाल, हे मी मेस्त्रींकडून आयुष्यभर ऐकलंय. ते का म्हणतात हे पहिल्यांदा नीट कळलं, कारण पहिल्यांदा मला कोणी ते समजावून सांगितलं.

ओळंबा सोडून भिंतीच्या वर आणि खाली फरशीचे तुकडे मालात बसवून ठिय्ये केले. एका ठिय्याच्या तोंडापासून दुसऱ्या ठिय्याच्या तोंडापर्यंत दोरी लावली. दोन ठिय्यांच्या मध्ये उभी पट्टी भरून घेतली. आता या पट्ट्या सांगतील तेवढीच जाडी. साधारण १२ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. माझ्या भिंतीत एका कोपऱ्यात विटा आत गेल्या होत्या, तिथला खड्डा आदल्या दिवशीच वेगळा भरून, खरखरीत ठेवून, आवळू दिला होता. एका दमात जाड थर दिला की तो स्वतःच्या वजनानं खाली सरकतो.

आणि आता ती गोष्ट, जी लांबून बघून कधीच कळली नसती. माल भिंतीला फासायचा नसतो, मारायचा असतो. थापीवर घेतलेला माल मनगटाच्या झटक्यानं भिंतीवर असा आपटायचा की तो दर्ज्यात घुसतो आणि मागची हवा निघून जाते. हळू टेकवला तर मागे हवा राहते आणि तिथंच पुढं फुगवटा धरतो. नीट बसला की त्याचा आवाज बदलतो, जाड आणि भरीव येतो. मामा दारात डोळे मिटून बसले होते आणि नुसत्या आवाजावरून सांगत होते, हा लागला, हा नाही. झटका दंडातनं दिला की माल उडतो, मनगटातनं दिला की चिकटतो. थोड्या वेळानं माझं मनगट ते आपोआप करायला लागलं, आणि त्यानंतर मला तो आवाज न बघता ओळखू यायला लागला. तो आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. इतकी वर्षं मी दुसऱ्यांसाठी कालवलेला माल, त्याचं पुढं काय होतं ते माझ्या हाताला त्या दिवशी कळलं.

वरून सुरुवात करून खाली यायचं. मग सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी त्या दोन उभ्या पट्ट्यांवर टेकवून खालून वर, आडवी हलवत ओढायची. जास्तीचा माल निघून येतो, खड्डे दिसतात, ते भरायचे, परत पट्टी ओढायची. लाकडी रंधा, म्हणजे माल घासून सारखा करायची फळी, कधी मारायचा हे वेळेवर आहे. बोट टेकवलं तर ठसा उमटावा पण माल बोटाला लागू नये, तेव्हा गोल गोल घासायचं. लवकर मारला तर माल ओढला जातो, उशिरा मारला तर हलत नाही. वर कोरडं सिमेंट भुरभुरायचं नाही. पुष्कळ ठिकाणी गुळगुळीतपणासाठी ते मारतात आणि लोखंडी गुरमाळा फिरवतात, दिसायला छान दिसतं, पण वरची ती पातळ कडक साल वेगळी आकसते आणि जाळ्यासारखी फुटते. मी भिंत खरखरीतच ठेवली आहे, पुढं पैसे आले की नीरू, म्हणजे चुन्याचा गुळगुळीत हात, मारीन.

दुसऱ्या दिवसापासून पाणी मारायला घेतलं. निदान सात दिवस भिंत वाळू द्यायची नसते. सिमेंट वाळून कडक होत नाही, ते पाण्यामुळं कडक होतं. हे वाक्य प्रत्येक घरमालकानं लक्षात ठेवावं. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी, म्हणून मी आणि मुलगी विहिरीवरून आणत होतो. साइटीवरही हे काम बायकांचंच असतं आणि ते मोजलं जात नाही, "जाता जाता दोन बादल्या मारून जा" असं सांगितलं जातं. भिंत टिकणार की नाही हे ज्या कामावर ठरतं, ते काम जाता जाता करायचं.

आता मूळ मुद्दा. प्रमाण, वाळू, कालवणं, भिजवणं, पाणी मारणं, एवढं बाईला येतं. उरतं ते ओळंबा, थापी, पट्टी आणि रंधा. पुरुष बिगारी काही वर्षांत थापी धरतो, कारण दुपारी मेस्त्री त्याला म्हणतो, "ये, हा कोपरा तू कर." बाईला असं कोणी म्हणत नाही. ती बिगारी म्हणून येते आणि कंबर गेली की बिगारी म्हणूनच घरी बसते. हजेरीतला फरक तिथूनच सुरू होतो. आमच्याकडे बाईची हजेरी गवंड्याच्या निम्म्याच्या आसपास असते, आणि त्याच कामाला पुरुष बिगाऱ्याला तिच्याहून जास्त मिळते. समान कामाला समान वेतन द्यावं असा कायदा १९७६ साली झाला. माझा जन्म त्यानंतरचा.

बायकांना झेपत नाही असं म्हणतात. मालानं भरलेलं घमेलं वीस किलोच्या पुढं भरतं, ते डोक्यावर घेऊन ती जिना चढते. थापीवर येणारा माल किलोभर असतो. साडी परांचीवर अडकते म्हणतात. साडीवर शर्ट चढवून, पदर खोचून आम्ही त्याच परांचीवर माल पोचवतो. बायकांना मापातलं कळत नाही म्हणतात. माझी मुलगी दहावीला आहे, तिनं भिंतीची लांबी-उंची मोजून, अर्धा इंच जाडी धरून, दर्ज्यात आणि सांडण्यात जाणारा माल वर धरून किती पोती लागतील ते वहीत काढून दिलं, आणि शेवटी उरलं ते घमेलंभर सिमेंट.

हातांबद्दलही लिहायला हवं. सिमेंट हात खातं. माल कालवणाऱ्या बायकांच्या बोटांच्या पेरांना भेगा पडतात, नखांच्या कडा सुटतात, पायाच्या बोटांमध्ये कातडी पांढरी होऊन निघते. रात्री खोबरेल तेल लावून कापड गुंडाळून झोपायचं आणि सकाळी परत त्याच मालात हात. सिमेंटचं ओलं पाणी चुन्यासारखंच जाळतं, आणि काहींना त्याचा कायमचा खरूजेसारखा त्रास लागतो, मग काम सोडावं लागतं. माझ्या घरी मी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि गमबूट घालून काम केलं. सबंध कामात एक भेग पडली नाही. हे मोजे महाग नसतात. ठेकेदारानं पहिल्या दिवशी प्रत्येक बाईला द्यावेत, एवढं मागणं जास्त नाही.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या, वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कोणालाही बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करता येते, त्यातून मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला मदत मिळते. पण नव्वद दिवसांचा दाखला कोण देणार? पुरुष एका मेस्त्रीबरोबर वर्षभर असतो. बाई आज इथं, उद्या तिथं. शिवाय अर्ज कन्नडमध्ये. आमच्या गावातल्या बायका मराठी शाळेत शिकल्या, कन्नड बोलता येतं पण अर्ज वाचता येत नाही, म्हणून भरून देणाऱ्याच्या पाया पडावं लागतं. सीमाभागात जे काही कागद कामगारांसाठी निघतात ते कन्नडबरोबर मराठीतही असावेत ही मागणी जुनीच आहे. ती करणाऱ्यांनी भाषणांत आमचं, बिगारी बायकांचं उदाहरण जरूर द्यावं.

शिकायची सोय सरकारच्या कागदावर आहे. आयटीआयमध्ये गवंडीकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागासाठी ४५ दिवसांचं गवंडी प्रशिक्षण आहे, त्यात खरं घर बांधत शिकवतात. झारखंडमध्ये शौचालयं बांधण्याच्या कामात हजारो बायकांना गवंडी केलं, त्यांना तिथं राणी मिस्त्री म्हणतात. मुलीनं मोबाइलवर त्यांचे फोटो दाखवले. साडीवर शर्ट, हातात थापी, आमच्यासारख्याच बायका. झारखंडला जे जमलं ते खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणीला जमायला हरकत काय?

माझं म्हणणं असं आहे की हे वर्ग तालुक्याच्या गावी न घेता गावात घ्यावेत, पावसाळ्यात घ्यावेत, कारण तेव्हा साइटी बंद असतात आणि हजेरी बुडत नाही. भात लावणी उरकल्यावरचे दिवस सगळ्यात सोयीचे. ग्रामपंचायतीकडे, अंगणवाडीकडे, शाळेकडे गिलावा करायच्या आतल्या भिंती असतातच, त्यांच्यावर शिकू द्यावं, आत असल्यानं पावसाचीही अडचण नाही. शिकवायला गुडघे गेलेले, घरी बसलेले मेस्त्री प्रत्येक गावात आहेत. त्यांना मानधन द्यावं. आमच्या मामांसारखा माणूस खुर्चीवर बसून आवाजावरून शिकवतो, हे कुठल्या पुस्तकात मिळायचं नाही, आणि ही माणसं आता थकत चालली आहेत. ठेकेदारांना विनंती की दिवसाच्या शेवटच्या तासात, खालच्या चार फुटांत, जिथं परांची लागत नाही आणि पुढं कपाट किंवा पलंग येणार असतो, तिथं आपल्याकडच्या एका बाईला थापी द्या. मेस्त्री शेजारी असतोच. बिघडलं तर ओल्यातच काढता येतं.

संपादक महोदय, आपल्या पानांवर घर, शेती, आरोग्य यांवर सदरं येतात. बांधकामाच्या दिवसांत आठवड्यातून एकदा अशा जुन्या मेस्त्रींशी आणि बिगारी बायकांशी बोलून काही छापता आलं तर ते आमच्या गल्लीत नक्की वाचलं जाईल.

शेजारच्या वैनींची आतली भिंतही उघडी आहे. ती पुढच्या उन्हाळ्याआधी आम्ही दोघी मिळून करणार आहोत. वाळू त्या आणणार, थापी आणि रंधा माझ्याकडे आहे. सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मात्र मला भाड्यानं आणावी लागते. खानापूर-बेळगाव भागात कोणाकडे जुनी, वाकलेली नसलेली पट्टी पडून असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावं. मी येऊन पैसे देऊन घेऊन जाईन.

आपली,
एक बिगारी कामगार,
ता. खानापूर, जि. बेळगाव